मोळीत कळंब नको

गणेशगुडीच्या अलीकडं रस्ता सोडून जी पायवाट रानात शिरते, तिथल्या झाडांना आता पाट्या लावल्यात. हिरवा पत्रा, पांढरी अक्षरं. वर कानडी नाव, खाली इंग्रजी आणि सगळ्यात खाली ते शास्त्रातलं लांबलचक नाव, जे निम्म्यावर येईपर्यंत माझी जीभ दमते. काळी नदीच्या पाण्यात होड्यांतून उसळ्या खायला आलेली माणसं ओल्या कपड्यांनी त्या पाट्यांपुढं उभी राहून फोटो काढून घेतात. झाडं बिचारी छातीवर नाव घेऊन उभी, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरांसारखी.

गेल्या महिन्यात तिथं एका पाहुण्यांकडं जेवायला गेले होते. जेवणं झाली आणि सगळे आडवे झाले. मला दुपारची झोप कधी लागलेली नाही, म्हणून निघाले त्या पायवाटेनं. काय मनात आलं कोण जाणे, एक खेळ सुरू केला. डोळे मिटायचे, सालीवर हात ठेवायचा, नाव सांगायचं आणि मग पाटी बघायची. ऐन. नाणा. किंजळ. जांबा. पुन्हा ऐन. सगळी बरोबर, माझीही आणि पाट्यांचीही. खरं सांगू का, एखादी तरी पाटी चुकलेली असावी अशी माझी फार इच्छा होती. पण लावणाऱ्यानं काम चोख केलं होतं, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

एक तरुण जोडपं थांबून माझ्याकडं बघत होतं. त्यातल्या पोरीनं हळूच विचारलं, "काकू, काही पूजा असते का झाडांची?"

म्हटलं, "न्हाई गं बाळ, परीक्षा हाय."

ती समजल्यासारखी हसली आणि दोघं पुढं गेली. मी वळणावरच्या झाडाशी गेले, हात ठेवला आणि डोळे उघडायची गरजच पडली नाही. हेदू. मला एकटीलाच हसू फुटलं. या एका झाडानं मला जेवढा सासुरवास केला, तेवढा माझ्या सासूनंही केला नाही.

मी बेळगावची. आमच्या गल्लीत एक नारळ, एक शेवगा आणि कोपऱ्यावर एक गुलमोहर. तेवढ्या तिघांवर माझं बालपण निभावलं. झाडाला नाव असतं ते फळापुरतं, बाकी सगळी नुसती झाडं, असा माझा हिशेब. लग्न होऊन आले ती दिग्गीच्या वाटेवरच्या वाडीत. जोयड्याहून जीप सुटली की दोन्ही बाजूंनी रान आत वाकलेलं, फांद्या टपावर घासतायत, धुळीत कसल्यातरी फुलांचा गोडसर वास. जीपमधून उतरले आणि सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, माझा पहिला प्रश्न: "आत्याबाई, गाव कुठं हाय?"

"गावातच उभी हाईस की," त्या म्हणाल्या.

घरात आत्याबाई, माझा नवरा आणि नवऱ्याची धाकटी बहीण शेवंता. मामंजी माझ्या लग्नाआधीच वारलेले. शेवंता माझ्याच वयाची, पण मानानं नणंद, म्हणून मी तिला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. ती मला वैनी म्हणायची आणि अरे-तुरे करायची. तशीच रीत होती आणि आम्हा दोघींनाही त्यात मजा वाटायची.

त्या घरचं देवक कळंब. म्हणजे घरात लग्न निघालं की कळंबाची डहाळी वाजत-गाजत आणायची, मांडवात पुजायची, तिच्या साक्षीनं अक्षता पडायच्या. ते सगळीकडं असतंच. पण आमच्या घरी दुसराही नेम होता. जे झाड लग्नाला साक्ष राहतं, त्याची काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही. आणि सरपण सगळं रानातलं, वाळून पडलेलं. म्हणजे जिला कळंब ओळखता येत नाही, तिनं या घरात चूल पेटवायची कशी?

मी मोळी घेऊन आले की आत्याबाई दारातच बसलेल्या असायच्या. मोळी सोडायच्या आणि तांदूळ निवडावा तशा काटक्या निवडायच्या. रागावणं नाही. त्यातली एक काटकी बाजूला काढायच्या. "ही कळंबाची. जा, झाडाखाली ठेवून ये." मोळी उतरवून कंबर सरळ झालेली नसायची, तोवर पुन्हा रानाकडं. हातात एकच काटकी घेऊन निघालेली सून दिसली की भाताच्या बांधावरच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. सगळ्या वाडीला कळायचं, आज पण चुकली.

आणि ह्या चुकीच्या मुळाशी हा हेदू. हेदू आणि कळंब म्हणजे सख्खे चुलतभाऊ. तशीच रुंद पानं, तशीच गोल गोंड्याची फुलं, तसाच सरळ उंच बुंधा, वाळल्यावर काटक्या तर अगदी एकसारख्या. हेदू जाळायला कुणाची हरकत नाही, कळंबाला हात लावायचा नाही. मी काय शहाणपणा केला, तर दोन्ही नकोच म्हणून संशय येईल ती प्रत्येक काटकी टाकून द्यायला लागले. मोळी एवढीशी झाली. ती काखेत मारून घरी आले तेव्हा वन्सं अंगणात म्हशीला पाणी दाखवत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मोळीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "वैनी, ह्याच्यावर भात शिजवायचा का नुसता शेक घ्यायचा?"

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर यायला लागल्या.

ते माघ-फाल्गुनाचे दिवस. गोठ्यात अंथरायला वाळका पाला गोळा करायचा असतो तेव्हा. पाठीला मोठी बुट्टी, हातात खराटा आणि दवानं भिजलेली, उन्हानं सुकत चाललेली पानं. त्यांचा एक वास असतो, चहाच्या डब्यासारखा. मी मान वर करून शेंडे बघत चालायची, तर वन्सं म्हणाल्या, "वर काय बगुलालीस? वर समदं हिरवंच असतंय. खाली बघ."

तसं माझं शिक्षण जमिनीवरून सुरू झालं. सागाचं पान पायाखाली पापडासारखं मोडतं. ऐनाचं जाड, ते चटकन मोडत नाही, कुरकुरतं. ऐनाच्या पानाच्या पाठीवर देठाजवळ दोन बारक्या गाठी असतात, त्या बोटाला लागल्या की दुसरं काही बघायला नको. पानावरून बुंध्यावर यायचं आणि बुंध्याशी आलं की डोळे मिटायचे, हा वन्संचा नियम. "डोळं खोटं बोलत्यात वैनी, हात न्हाई." ऐनाची साल भेगाळलेली, मामंजींच्या टाचा अशाच होत्या म्हणे. नाणा गुळगुळीत आणि भर दुपारीसुद्धा गार. बिबल्याला कोयत्याचा नुसता कोपरा लागला तरी लाल चीक येतो, म्हणून वन्सं आधी त्याची माफी मागायच्या आणि मगच मला दाखवायच्या. काजऱ्याचं फळ नारंगी, इतकं देखणं की मी उचललंच. वन्संनी हातावर फटका मारला. "त्ये माणसाला मारतंय. दिसायला छान असलं की लगेच हातात घ्यायचं व्हय?"

फाल्गुन सरता सरता कुसुंबाला तांबडी पालवी फुटली आणि मला वाटलं झाडाला फुलंच आलीत. कुंभ्याची मोठाली फुलं पहाटे पडायची, त्यांचा उग्र वास वाटेत आडवा यायचा. मग कुडा. कुड्याच्या पांढऱ्या फुलांचा वास आला की वन्सं बोलता बोलता थांबायच्या आणि नुसत्या उभ्या राहायच्या. डोक्यावरून धनेश जायचा, पंखांचा आवाज असा की कुणी लांबलचक ओलं लुगडं झटकतंय. कुठंतरी गवा फुरफुरला की आम्ही बुट्टीसकट एखाद्या दांडग्या बुंध्यामागं, श्वास धरून, आणि त्या तशा भीतीतही वन्सं माझा हात सालीवर दाबून कुजबुजायच्या, "सांग, कशाच्या मागं लपलीयास?" त्यांच्या ओच्यात कायम काहीतरी असायचं, आवळे, करवंदं, भिरंडाची आंबट फळं. उत्तर बरोबर आलं की एक मिळायचं. पहिल्या पहिल्यांदा मी फार उपाशी राहिले.

हेदू-कळंबाचा धडा त्यांनी शेवटी ठेवला होता. "पान उलटं करून गालाला लाव," म्हणाल्या. मी लावलं. मऊ, बारीक लव असलेलं. "त्यो हेदू. आता ह्ये." दुसरं गालावरून सरकन निसटलं. "ह्यो कळंब." काटकी असेल तर नखानं साल खरवडायची, आत हळदीसारखं पिवळं आलं तर हेदू, मातकट आलं तर कळंब. एवढंच. एवढ्यासाठी मी महिनाभर बांधावरच्या बायांची करमणूक झाले होते.

त्याच सुमारास वन्संचं लग्न ठरलं. अथणीकडचं स्थळ, उसाचा मळा, पक्कं घर, माणसं चांगली. आता देवक आणायचं कुणी, हा प्रश्न आला. आमच्याकडं ते नवरा-बायकोनं मिळून आणायचं असतं. झाड बाईनं निवडायचं, हळदकुंकू तिनं लावायचं. पुरुषानं तोंडातून शब्द न काढता डहाळी तोडायची आणि ती मांडवात बसेपर्यंत मुकंच राहायचं. आणि दर लग्नाला झाड नवं, एकाच झाडाला पुन्हा पुन्हा दुखवायचं नाही. मामंजी नव्हते, म्हणून आत्याबाईंच्या मनात होतं की थोरल्या चुलत्यांना, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, त्यांना आणि त्यांच्या बायकोला पाठवावं. वन्सं ऐकेनात.

"माझं देवक वैनी आणंल."

"आणि चुकली तर?" आत्याबाई म्हणाल्या. "हेदूम्होरं लगीन लावायचं का तुझं? मनाला कायमची रुखरुख."

"न्हाई चुकायची."

शेवटी आत्याबाईंनी माझ्याकडं वळून अट घातली. लग्नापर्यंत मोळीत एकदाही कळंब यायला नको. आला, की देवक आबा आणणार. एका मुलीचं लग्न माझ्या नखावर येऊन बसलं होतं. आणि वन्सं मात्र मजेत म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होत्या.

मग रोज मोळी आली की आत्याबाई बसायच्या, निवडायच्या. मी उभी. वन्सं खांबाला टेकून, उगाच वेणीचं टोक चावत. पहिल्या दिवशी काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी एक काटकी वर धरली, नखानं खरवडली, आत पिवळं होतं. त्यांनी ती परत ठेवली. वैशाख उजाडला तेव्हा त्यांनी मोळी सोडायचं बंद केलं, पायानंच चुलीकडं सरकवली. त्या दिवशी माझ्या भातावर तूप दोनदा पडलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढं वाजंत्री, नवऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, माझ्या हातात सूप, त्यात नारळ, तांदूळ, हळदकुंकू. रानाला नुकती पालवी फुटलेली आणि कोवळ्या पानांत फरक आणखीनच कमी कळतो. मी तीन झाडांची पानं गालाला लावून बघितली. बरोबरच्या बायका हसत होत्या, हसू देत. चौथ्याला मी कुंकू लावलं. नवऱ्यानं एक डहाळी तोडली आणि आम्ही परत आलो.

मांडवाच्या दारात आबा उभे. त्यांनी डहाळीकडं बघितलं, एक पान चुरगळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो हेदू हाय."

वाजंत्री थांबली. वऱ्हाड जानवशात उतरलेलं, मुहूर्त जवळ आलेला. आत्याबाईंचा चेहरा पडला. मी नवऱ्याकडं बघितलं तर तो मुक्याचा नेम पाळून मांडवाच्या छपराकडं बघत होता.

"न्हाई आबा," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. "कळंबच हाय."

"बेळगावात असतोय व्हय कळंब?" आबा म्हणाले आणि दोन-चार जण हसले.

तेवढ्यात आतून वन्संची हाक आली. हळदीच्या अंगानं त्यांना बाहेर यायला परवानगी नव्हती. "वैनी, एक पान आत धाड."

पान आत गेलं. मला त्या घटकेला पहिल्यांदा कळलं, की वन्संना देवकाची काळजी नव्हतीच, त्यांना माझी होती. मी चुकले असते तरी त्या आतून काय सांगणार होत्या, कोण जाणे. पान परत आलं ते एका बाजूनं हळदीनं माखून, गालाचा ठसा घेऊन. पाठोपाठ आवाज. "कळंब हाय. बसवा."

आबांनीही मग एक पान स्वतःच्या गालाला लावून बघितलं. दाढीचे खुंट वाढलेले, त्यांना काय कळणार? "असंल असंल," असं म्हणत ते सरबताच्या बादलीकडं गेले. रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्हाला तर ओळखता येतंय, एक शब्द बोलायचा न्हाई?" तो म्हणाला, "रीत मोडून?" आणि पोट धरून हसला.

निघताना वन्सं आईच्या गळ्यात पडल्या, भावाच्या गळ्यात पडल्या आणि माझ्याजवळ आल्या तेव्हा रडणं थांबलेलं होतं. मुलगी सासरी गेली की तिचं देवक बदलतं, सासरचं तेच तिचं. अथणीकरांचं देवक रुई. "रुई, वैनी," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "झाड तरी हाय का त्ये? चिकाचं झुडूप." मी रडता रडता हसले. मग त्या म्हणाल्या, "कळंब आता माझा न्हाई. तुझा. जप."

मला माझ्या माहेरचं देवक सुटल्याचं कधी काही वाटलं नव्हतं. ते झाड मी बघितलंच नव्हतं. त्यांनी मात्र रानातला एकेक कळंब चेहऱ्यानिशी ओळखला होता. मला एक झाड मिळालं आणि त्यांचं गेलं, हे त्या दिवशी मला फार लागलं. आजही लागतं.

वर्षं गेली. आत्याबाई गेल्या, घरात गॅस आला. तरी न्हाणीघराच्या चुलीला काटक्या लागतात, आणि त्या मी अजून खरवडून बघते. वन्सं दिवाळीला यायच्या, मग पोरं, शाळा, ऊस, आणि येणं विरळ झालं. गणेशगुडीहून परत आल्यावर मला राहवेना. परवा बस धरली आणि अथणीला गेले.

तिकडं काळी जमीन, ऊस, बांधाला बाभळ, दाराला लिंब. बस, संपलं रान. वन्सं जाड झाल्यात, चष्मा लागलाय, आवाज तोच. जेवल्यावर मला हाताला धरून मागल्या दारी घेऊन गेल्या. तिथं भिंतीला टेकून एक लाकडाचा ठोकळा, धुरानं आणि वयानं काळा झालेला. घर बांधताना दारा-चौकटींना आमच्या डोंगरातलं लाकूड आणलेलं, त्यातला हा उरलेला. घरच्यांनी बंबात घालायला किती वेळा उचलला आणि यांनी किती वेळा काढून घेतला, ते त्या रंगवून सांगत होत्या.

"डोळं मीट," म्हणाल्या. "सांग, कोण हाय?"

मी डोळे मिटले, हात फिरवला. हाताला काही सांगेना. खुरप्याच्या टोकानं कोपरा जरासा खरवडला आणि डोळे किलकिले करून बघितलं. आत पिवळं. अजून पिवळं. वन्सं चष्म्यातून माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि इतक्या वर्षांचं त्यांचं ते जपणं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"कळंब," मी म्हटलं.

त्या अंग हलवून हसायला लागल्या. "वैनी, लबाड हाईस. हेदू हाय त्यो. आणला त्याच दिवशी वळखला म्या."

"मग जपलासा कशाला? हेदू जाळायला कुणाची आडकाठी हाय?"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. पदराच्या टोकानं त्यांनी खरवडलेला कोपरा पुसला. "त्यो कुणाच्याच देवकात न्हाई. कळंब तुला दिला न्हवं? मग हेदू म्या ठेवून घेतला."

आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.